ताइमीला जरा वेळ लागतो

होंकावाराच्या शाळेत हेल्लेवी तोलोनेनने चौतीस वर्षं शिकवलं. शेवटची एकोणीस वर्षं ती मुख्याध्यापिकाही होती, म्हणजे पहिली ते तिसरीचा वर्ग घ्यायचा आणि छत गळायला लागलं की पालिकेला फोनही आपणच करायचा. एकतीस मुलं, दोन शिक्षिका, एक स्वयंपाकीण. आमच्याकडे शाळेतल्या बाईला ओपे म्हणतात आणि खुशाल अगंतुगं करतात. हेल्लेवीला तर सगळं गावच ओपे म्हणायचं, कारण निम्मं गाव तिच्याच हाताखाली अक्षरं शिकलं होतं.

तिला घाई आवडत नसे. सात वर्षांचं मूल शाळेत आलं की ती आधी त्याला बर्फात लोळू द्यायची, झाडं ओळखू द्यायची, लाकडाचा पक्षी कोरू द्यायची. अक्षरं त्यातूनच हळूहळू यायची. नाताळपर्यंत बहुतेक मुलं वाचायला लागत, उरलेली बर्फ वितळेपर्यंत. परीक्षा नाहीत, नंबर नाहीत, वरून कोणी तपासायला येणार नाही. तपासनीस येणं बंद होऊन वीस वर्षं होत आली होती. सगळा भार ओपेवरच्या विश्वासावर होता, आणि त्या विश्वासाला आपण कधी तडा जाऊ दिला नाही असं हेल्लेवीला मनापासून वाटत होतं.

ताइमी क्युल्लोनेन दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. नोव्हेंबरात एका दुपारी शाळा सुटल्यावर तिची आई मिर्वा आली. मिर्वा शेजारच्या गोठ्यात दूध काढायला जायची. नवरा कामासाठी म्हणून स्वीडनला गेला तो तिकडचाच झाला होता. दाराशी बूट काढून, मोज्यांनिशी आत येऊन ती मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली. मग म्हणाली, ताइमीला वाचता येत नाही.

हेल्लेवी हसली. कालच तिने अख्खं पान वाचून दाखवलं की, ती म्हणाली.

"पाठ केलंय तिने," मिर्वा म्हणाली. "शेजारची पोर वाचते, हिला ऐकून पाठ होतं. मला ठाऊक आहे ते, ओपे. मी पण तसंच करायचे. तुझ्याच वर्गात."

हेल्लेवीने हातातला खडू खाली ठेवला.

"अजूनही मी ओळीच्या टोकाला पोचते तोवर सुरुवात डोक्यातून गेलेली असते," मिर्वा म्हणाली. "म्हणून आले. तिचं तसं होऊ नये."

हेल्लेवीला लहानपणची मिर्वा आठवली. दोन घट्ट वेण्या, नीटनेटक्या वह्या, कधी कसला त्रास नाही. तीन वर्षं समोर बसलेली मुलगी, आणि आपल्याला पत्ता लागू नये? मिर्वा उगाच वाढवून सांगतेय, तिने मनाशी ठरवलं. मुलांच्या काळजीने आया असं बोलतात.

"पण बघ, तुझं काही अडलं का?" ती मिर्वाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "चांगली कामाला आहेस, घर चालवतेस. अगं, ताइमी काय वासरू आहे, दर आठवड्याला वजन करायला? तिच्या कलाने घेऊ. एक दिवस अचानक वाचायला लागेल बघ."

मिर्वा स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"तू म्हणतेस तर तसं," ती म्हणाली आणि उठली.

तिसरीत ताइमीचं पाठांतर चालेनासं झालं. आमच्या भाषेतले शब्द लांबलचक असतात, म्हणून पहिल्या पुस्तकांत ते तुकडे पाडून, मध्ये आडव्या रेघा देऊन छापतात. तिसरीत त्या रेघा जातात. ताइमी ओळीकडे बघायची आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटायचं नाही. मग ती काहीतरी विनोद करायची, नाहीतर ताटं मांडायला पळायची. फळा पुसायचा, पक्ष्यांसाठी टांगलेल्या खोक्यात दाणे टाकायचे, बर्फ झाडायचा, वाचनाच्या तासाला कुठलंही काम निघालं की ताइमीचा हात वर. हेल्लेवीला ती फार कामसू वाटायची.

मोठ्या गावाहून मार्केता हेइकुरा यायची. मागे पडणाऱ्या मुलांना घेऊन बसणं हेच तिचं काम. पूर्वी ती आठवड्यातून दोनदा यायची. तास कापत कापत आता पंधरा दिवसांतला एक मंगळवार उरला होता. त्या नोव्हेंबरात तिने दोन मंगळवार ताइमीला स्की ठेवायच्या खोलीत समोर बसवून तपासलं, आणि डिसेंबर लागायच्या आत दोन पानी अहवाल हेल्लेवीच्या टेबलावर ठेवला.

"ही थांबून बघायची गोष्ट नाही, हेल्लेवी," ती म्हणाली. "हुशार पोर आहे, पण अक्षरं तिच्या डोक्यात एकत्र राहत नाहीत. आठवड्यातून तीनदा, समोरासमोर, दोन वर्षं बसावं लागेल. मी नसणार. जानेवारीपासून माझी जागाच काढून टाकली आहे. तू हा कागद वर पालिकेत पाठव. कागद असला की त्यांना माणूस द्यावाच लागतो. कागद नसला तर त्यांच्या लेखी हे मूलच नाही."

"आजच पाठवते," हेल्लेवी म्हणाली. आणि ते खोटं नव्हतं. तिने पाकीट घेतलं, वर पत्ताही लिहिला.

पण त्याच संध्याकाळी गावातल्या सभागृहात बैठक होती. होंकावाराची शाळा बंद करून मुलांना टॅक्सीने चाळीस किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत पाठवायचं, असा प्रस्ताव पालिकेपुढे आला होता. मोइलानेन नावाचा एक नगरसेवक उभा राहून शांतपणे म्हणाला की आपल्याला कोणाच्या शाळेशी वैर नाही, पण खेड्यातली मुलं तिसरीतच मागे पडतात असं ऐकतो, आणि हे त्यांच्याच भल्यासाठी चाललंय. सगळ्यांच्या माना हेल्लेवीकडे वळल्या. हेल्लेवीने उठून सांगितलं की तिच्या शाळेत एकही मूल मागे नाही.

घरी परतताना तिच्या लक्षात आलं की पाकीट पिशवीतच आहे. ते आता वर गेलं तर मोइलानेनच्या हातात आयतं कोलीत. तिसरीतली मुलगी, आणि वाचता येत नाही. मतदान मार्चमध्ये होतं. तीनसाडेतीन महिन्यांचा तर प्रश्न. एका मुलीसाठी तीस मुलांची शाळा घालवायची का? तोवर आपणच तिला घेऊन बसू, असं तिने ठरवलं आणि अहवाल टेबलाच्या खालच्या खणात ठेवला.

ती बसलीही. जेवणानंतर वीस मिनिटं, दोघीच. मग शाळा वाचवायला सह्या गोळा करायच्या निघाल्या, फोन, वर्तमानपत्रवाले, पालकांच्या बैठका. विसाची दहा झाली. जानेवारीच्या अखेरीला तेही बंद पडलं, आणि ताइमीने कधी विचारलं नाही.

फेब्रुवारीत परदेशातून पाहुणे आले. आमच्या शाळा बघायला तेव्हा जगभरातून माणसं यायची, आणि पालकांनीच खटपट करून अकरा जणांना होंकावाराला आणलं होतं; पालिकेला दिसू दे म्हणावं. पाहुण्यांनी बूट काढले, मुलांबरोबर बसून वाटाण्याचं सूप खाल्लं, उणे अठरा अंशांत मुलं बाहेर खेळताना बघून फोटो काढले. मग त्यांच्यातल्या एका बाईने दुभाष्यामार्फत विचारलं, तुम्ही परीक्षा घेत नाही, तर एखादं मूल मागे पडलंय हे तुम्हाला कळतं कसं?

"ओपेला कळतं," हेल्लेवी म्हणाली.

अकराही जणांनी ते वहीत लिहून घेतलं. ताइमी तेव्हा त्यांच्यात गोड पाव वाटत फिरत होती.

मार्चमध्ये मतदान झालं. चौदा विरुद्ध नऊ. शाळा गेली.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. अहवाल दुसऱ्या दिवशीच पाठवता आला असता. पण त्यावर तारीख नोव्हेंबरची होती, आणि चार महिने तो कुठे होता हे कोणीतरी विचारलंच असतं. हेल्लेवी आज पाठवू, उद्या पाठवू करत राहिली. मे महिन्यात मोठ्या शाळेची शिक्षिका मुलांची माहिती घ्यायला आली. अकरा मुलं तिच्या वर्गात जायची होती आणि तिच्याकडे पाऊण तास होता. एकेक नाव यायचं, चार वाक्यं, पुढचं नाव. ताइमीचं नाव आलं तेव्हा हेल्लेवीचा हात खणाच्या मुठीवर होता.

"गुणी मुलगी आहे," ती म्हणाली. "हाताने फार कामसू. गोष्ट सांगावी तर तिनेच. तिला जरा वेळ लागतो."

"वेळ लागतो," त्या शिक्षिकेने लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं.

शाळा रिकामी करताना हेल्लेवीने कुंड्या, कात्र्या आणि मुलांनी दिलेली चित्रं एका खोक्यात भरून घरी नेली. अहवालही त्याच खोक्यात गेला.

पुढची वर्षं तिला स्वतःचंच पुरलं. तिचा नवरा काउको आजारी पडला, तीन वर्षं अंथरुणाला खिळून होता, मग गेला. तिने दुसऱ्या पालिकेत थोडी वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झाली. ताइमी मनात यायचीच नाही असं नाही. एकदा दुकानात दिसली होती, बारा वर्षांची, उंच झालेली, लांबूनच हसून हात हलवला. हेल्लेवीला हायसं वाटलं. मोठ्या शाळेत त्या कामाची माणसं असतात, एव्हाना त्यांच्या लक्षात आलंच असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात मोठ्या शाळेतून फोन आला. इतिहासाची शिक्षिका रजेवर, तीन आठवड्यांसाठी येशील का? हेल्लेवी गेली. नववीच्या वर्गात मागच्या बाकावर, जॅकेटची टोपी डोक्यावर ओढून ताइमी बसली होती.

"ओपे, म्हातारी झालीस की गं," ती म्हणाली. वर्ग हसला, हेल्लेवीही हसली.

त्याच आठवड्यात चाचणी होती. तास संपल्यावर हेल्लेवीने कागद गोळा केले. ताइमीच्या कागदावर नाव होतं, आणि खाली एक गाय काढलेली होती, फार सुरेख. बाकी कोरं. तिने ताइमीला थांबवून घेतलं. दार लागेपर्यंत ताइमी थट्टेच्या सुरात बोलत होती. मग तिने टोपी मागे सारली.

"मी आळशी आहे," ती म्हणाली. "विचार कोणालाही. माझ्या कागदांवर तसंच लिहिलंय. हुशार आहे पण कष्ट घेत नाही. दरवर्षी तेच."

हेल्लेवीने पुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवलं. एक परिच्छेद वाच म्हणाली. ताइमीने दोन ओळी वाचल्या. तिला घाम फुटला. दुसरी ओळ संपली तेव्हा हेल्लेवीने विचारलं, काय लिहिलंय? ताइमीने पुस्तक हलकेच मिटलं. तिसरीत होती तिथेच ती होती. फक्त आता ती पंधरा वर्षांची होती आणि लपवण्यात पटाईत झाली होती.

त्या शाळेत मागे पडणाऱ्या मुलांचं काम तार्मो युन्तुनेनकडे होतं. तो तीन शाळांत मिळून एकटाच होता. त्याने ताइमीची सगळी कागदपत्रं काढून दाखवली. "हिच्या फायलीत काहीच नाही," तो म्हणाला. "खालच्या शाळेतून एक ओळ आलीय, वेळ लागतो म्हणून. वेळ तर सगळ्यांनाच लागतो. तेव्हाचा एक अहवाल जरी असता ना, तर चौथीपासून तिच्याबरोबर कोणीतरी बसलं असतं. आता तपासणीची रांगच शरदापर्यंत आहे. तोवर ती इथून गेलेली असेल."

हेल्लेवीने रात्र कशीतरी काढली आणि दुसऱ्या दिवशी अहवाल आणून त्याच्यापुढे ठेवला. तार्मोने दोन्ही पानं नीट वाचली. मग पुन्हा पहिल्या पानावर जाऊन तारीख बघितली.

"हा सहा वर्षं कुठे होता?"

"माझ्याकडे," हेल्लेवी म्हणाली.

त्याने कागदाची प्रत काढली, मूळ कागद तिला परत दिला आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

त्यानंतर हेल्लेवीने जे करता येईल ते सगळं केलं. तीन आठवडे संपले तरी ती येत राहिली. आठवड्यातले चार दिवस वाचनालयाच्या मागच्या खोलीत दोघी बसायच्या. शब्द पुन्हा तोडायचे, रेघा मारायच्या, बोट ठेवून पुढे सरकायचं. ताइमी कुरकुरली नाही. ती म्हाताऱ्या माणसांची सेवा शिकायला जाणार होती, तिला तेवढंच हवं होतं. "म्हातारी माणसं गोष्टी सांगतात, आणि त्यांना कोणी वाचून दाखव म्हणत नाही," ती म्हणायची. मे अखेर तिला एक पान वाचायला अकरा मिनिटं लागत होती. आधी वीस लागायची. जूनमध्ये व्यवसाय शाळेत प्रवेश मिळाल्याचं कळलं तेव्हा हेल्लेवीने केक केला, आणि तो ताइमीने जवळजवळ एकटीने संपवला.

नोव्हेंबरात ताइमीने शिक्षण सोडलं. एका वृद्धाश्रमात तिला कामाच्या सरावासाठी पाठवलं होतं. सकाळच्या गोळ्या वाटताना दोन औषधांची लांब नावं, सुरुवात सारखी आणि शेवटही सारखा. तिने एका आजीच्या वाटीत दुसरीच गोळी टाकली. शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेने लगेच बघितलं आणि गोळी काढली. कोणाला काही झालं नाही, कोणी तिला रागावलंही नाही. पण ताइमीने अंगावरचा झगा उतरवून घडी घालून खुर्चीवर ठेवला, आणि ती बसने घरी आली ती परत गेलीच नाही.

हे कळल्यावर हेल्लेवी पालिकेच्या शिक्षण अधिकाऱ्याकडे गेली. तिने अहवाल, तारखा, सगळं त्याच्यापुढे मांडलं आणि माझ्यावर काय ती कारवाई करा म्हणाली. अधिकारी नवा होता, भला माणूस होता. त्याने तिला कॉफी दिली. म्हणाला, ती शाळा आता नाही, तू नोकरीत नाहीस, आणि आपल्याकडे शिक्षकाच्या मागे कोणी लागत नाही, तुला माहीतच आहे. इतकी वर्षं चांगलं शिकवलंस, आता स्वतःला जप. तिचं बोलणं कुठे नोंदवायचं, त्यासाठी त्याच्याकडे रकाना नव्हता.

मग राहिली मिर्वा. डिसेंबरात एका दुपारी हेल्लेवी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाकीट, मोइलानेन, खण, मे महिन्यातला तो पाऊण तास. मिर्वा ओट्याला टेकून उभी होती.

"मार्चमध्ये शाळा गेली," शेवटी ती म्हणाली. "त्यानंतर तरी का नाही दिलास?"

"लाज वाटली."

मिर्वाने मान हलवली, जणू हिशेब तिला समजला.

"त्या दिवशी शाळेत यायच्या आधी मी अर्धा तास गाडीत बसून होते," ती म्हणाली. "सांगू की नको. मला वाचता येत नाही हे ताइमीच्या बापालाही मी कधी सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, तुझं काही अडलं का."

तिने आरडाओरडा केला असता तर हेल्लेवीला बरं वाटलं असतं. ती ताइमीबद्दल विचारू लागली: कशी आहे, भेटता येईल का, अजूनही आपण बसू, कितीही वर्षं लागोत.

"ओउलू शहरात गेली. परवा," मिर्वा म्हणाली. "तिथे हॉटेलात खोल्या साफ करायचं काम आहे."

"पत्ता देशील?"

"नाही."

"ती नको म्हणाली का?"

"तिला तर तू अजून आवडतेस," मिर्वा म्हणाली. "ती म्हणते, ओपेच एकटी माझ्याबरोबर बसली. तिला यातलं काही माहीत नाही आणि मी सांगणार नाही. सांगितलं तर तिच्याकडे तेवढंही उरायचं नाही. पत्ता मीच देणार नाही."

बाहेर अंधारून आलं होतं, तीनच वाजले होते तरी. हेल्लेवी उठली, कोट घातला. बटणं न लावता तशीच बाहेर पडली. मिर्वाने दार लावून घेतलं, जोरात नाही, नेहमीसारखंच.

नंतर त्या दोघी दुकानात समोरासमोर यायच्या तेव्हा मिर्वा मान हलवायची आणि पुढे जायची. ताइमी त्या नाताळला घरी आली नाही, पुढच्यालाही नाही. तिचं ते हॉटेलातलं कामही सुटलं, मग दुसरं मिळालं, तेही सुटलं, हे हेल्लेवीला दुकानातल्या बाईकडून तुटक तुटक कळत गेलं. मोठ्या शाळेतून दर हिवाळ्यात बदली शिक्षिका म्हणून बोलावणं यायचं. पहिल्या वर्षी तिने नाही म्हणताना कारण सांगायचा प्रयत्न केला. फोनवरची मुलगी म्हणाली, कारण सांगायला हवं असं काही नाही, आम्ही समजू शकतो. पुढे हेल्लेवी नुसतंच नाही म्हणायची आणि फोन ठेवायची.